लांडगा कोळी

संधिपाद प्राण्यांच्या संघातील अष्टपाद वर्गाच्या कोळी गणात लायकोसिडी हे एक मोठे कुल आहे. या कुलातील कोळ्यांना लांडगा कोळी म्हणतात. कुलाचे नाव ‘लांडगा’ या अर्थाच्या ‘लायकोस’ या ग्रीक शब्दावरून आले असून त्याची स्थापना कार्ल याकॉब सुंडेव्हाल या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये केली. या कुलातील १२० हून अधिक प्रजाती व सुमारे २,४०० जाती ज्ञात असून अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर त्या आढळतात. समुद्रकिनारे, वाळवंटे, गवताळ प्रदेश, भातखाचरे, जंगलातील पालापाचोळा व उंच पर्वतांचे उघडे उतार अशा परस्परांहून अगदी भिन्न ठिकाणी हे कोळी राहतात. बहुतेक जाती भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणीत नाहीत. त्या जमिनीवर दबा धरून किंवा थोडे अंतर वेगाने धावून भक्ष्यावर झडप घालतात. या सवयीवरून त्यांना हे नाव पडले. मात्र लांडग्यांप्रमाणे ते टोळीने शिकार करीत नाहीत; प्रत्येक कोळी एकटाच हिंडतो.

मनुष्यवस्तीच्या आसपास हे कोळी पुष्कळ असतात. तरीही त्यांची ओळख सहसा बरोबर केली जात नाही. भिंतीवर दिसणाऱ्या प्रत्येक मोठ्या कोळ्याला लांडगा कोळी वा ‘टॅरँटुला’ म्हटले जाते आणि तो विषारी असल्याच्या समजुतीने मारला जातो. याउलट त्वचेवर उठलेल्या फोडाचे किंवा न भरणाऱ्या जखमेचे कारण न पाहिलेल्या कोळ्यावर ढकलले जाते व खरा रोग उपचारावाचून राहतो. या दोन्ही कारणांमुळे हे कोळी ओळखता येणे व्यवहारात महत्त्वाचे ठरते. त्यासाठी प्राणी हातात धरण्याची वा मारण्याची गरज नसते. तो कोठे बसला आहे, त्याच्या डोळ्यांची मांडणी कशी आहे आणि मादी असल्यास अंड्यांची पिशवी ती कोठे वाहते, एवढे पाहिले तरी कुल बहुधा निश्चित होते.

आढळ व सवयी : लांडगा कोळी हे मुख्यत्वे जमिनीवर राहणारे प्राणी आहेत. अंगण, परसातील वाफे, कुंड्यांखालची ओल, विटांच्या व लाकडांच्या राशी, कुंपणालगतचा पाचोळा आणि जोत्याच्या भेगा ही त्यांची नेहमीची ठिकाणे होत. घर हा त्यांचा खरा अधिवास नव्हे. दाराखालील फटीतून, मोरीच्या तोंडातून किंवा आत आणलेल्या सरपणाबरोबर व कुंड्यांबरोबर ते घरात येतात. मुसळधार पावसात बिळात पाणी शिरले म्हणजे कोरड्या जागेच्या शोधात ते घराकडे वळू शकतात. वयात आलेले नर मादीच्या शोधात दूरवर भटकत असल्याने वाट चुकून घरात आलेल्यांत नरांचा भरणा असतो. दिव्याकडे आकर्षित झालेले किडे जेथे खाली पडतात, अशा ओटीवर व व्हरांड्यात ते रात्री शिकारीसाठी येतात. घरात आल्यावरही ते बहुधा जमिनीवर, भिंतीच्या कडेने धावताना दिसतात. छतावर किंवा भिंतीच्या मध्यावर क्वचितच आढळतात.

याचे कारण पायांच्या रचनेत आहे. लांडगा कोळ्याच्या प्रत्येक पायाच्या टोकाला तीन नख्या असतात. परंतु गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटून राहण्यास उपयोगी पडणारे दाट केसांचे झुबके नख्यांखाली नसतात. खडबडीत मातीवर व गवतावर त्याला उत्तम धावता येते, पण काच किंवा चकचकीत फरशी बसवलेल्या भिंतीवर चढणे मोठ्या जातींना जमत नाही. न्हाणीघरातील रिकाम्या बादलीत पडलेला लांडगा कोळी बाहेर न येता तळाशी फेऱ्या मारीत राहतो, तो यामुळेच.

शरीररचना : इतर कोळ्यांप्रमाणे याच्या शरीराचे शिरोवक्ष व उदर असे दोन भाग असून पायांच्या चार जोड्या असतात. शरीराची लांबी जातीनुसार काही मिमी. पासून सुमारे ३·५ सेंमी. पर्यंत असते. घरांच्या आसपास आढळणाऱ्या बहुतेक जाती ०·५ ते २ सेंमी. लांबीच्या असतात. पाय मजबूत व काटेरी केसांनी युक्त असून चौथी जोडी सामान्यतः सर्वांत लांब असते. रंग करडा, तपकिरी किंवा काळपट असून माती व पाचोळा यांत मिसळून जाणारा असतो. शिरोवक्षाच्या पाठीवर मधोमध फिकट पट्टा व त्याच्या दोन्ही बाजूंना गडद पट्टे अनेक जातींत दिसतात. उदराच्या पुढच्या भागावर भाल्याच्या पात्यासारखी खूण आणि मागे फिकट ठिपक्यांच्या किंवा कमानींच्या ओळी असतात. तथापि रंग व खुणा वयाप्रमाणे बदलतात आणि इतर कुलांतील कोळ्यांतही अशा खुणा असतात. म्हणून केवळ रंगावरून निर्णय करणे योग्य नव्हे.

डोळ्यांची मांडणी : कुल ओळखण्याचे सर्वांत भरवशाचे लक्षण म्हणजे आठ डोळ्यांची मांडणी होय. हे डोळे चार, दोन व दोन अशा तीन ओळींत असतात. तोंडाच्या लगेच वर चार लहान डोळ्यांची जवळजवळ सरळ ओळ असते. तिच्यावर समोर रोखलेले दोन मोठे डोळे असतात आणि तेच प्रथम नजरेत भरतात. त्यांच्या बऱ्याच मागे, डोक्याच्या माथ्यावर व दोन्ही बाजूंस मध्यम आकाराचे दोन डोळे असून ते वर व बाजूला पाहतात. मागील चार डोळे वरून पाहिल्यास पुढे अरुंद व मागे रुंद असा चौकोन तयार होतो. ही मांडणी साध्या भिंगातून, तसेच जवळून घेतलेल्या छायाचित्रातही स्पष्ट दिसते.

रात्री या डोळ्यांची परीक्षा आणखी सोपी होते. मागील चार मोठ्या डोळ्यांत, मांजराच्या डोळ्यांत असतो तसा, प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे मंद प्रकाशातही कोळ्याला दिसू शकते. अंधारात विजेरी स्वतःच्या कपाळाजवळ किंवा डोळ्यांच्या पातळीवर धरून अंगणात झोत टाकल्यास गवतात हिरवट-निळसर, हिऱ्याच्या कणासारखे बिंदू चमकतात. परावर्तित प्रकाश आलेल्या वाटेनेच परत जात असल्याने विजेरी कमरेजवळ धरल्यास चमक दिसत नाही. दवबिंदूही चमकतात, परंतु त्यांची चमक पांढरी असते आणि पाहणारा किंचित हलताच ती नाहीशी होते किंवा रंग बदलते. कोळ्याच्या डोळ्याची चमक मात्र जवळ जाईपर्यंत कायम राहते. जवळ गेल्यावर ती एकाएकी दिसेनाशी झाली, तर कोळ्याने तोंड फिरवले किंवा तो बिळात शिरला असे समजावे.

अंड्यांची पिशवी व पिले : मादी रेशमाची गोल पिशवी तयार करून तीत अंडी घालते आणि ती पिशवी उदराच्या टोकाशी असलेल्या रेशीम कातणाऱ्या इंद्रियांना चिकटवून सर्वत्र वाहून नेते. उदरामागे वाटाण्यासारखी पांढरी, करडी वा हिरवट गोळी ओढीत जाणारा कोळी आपल्याकडे दिसला, तर तो लांडगा कोळीच होय. पिशवी काढून घेतल्यास मादी तिचा शोध घेत राहते. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झां आंरी फाब्र यांनी केलेल्या प्रयोगांत पिशवीऐवजी दिलेली बुचाची गोळीही मादीने आपली म्हणून स्वीकारली. बिळात राहणाऱ्या काही जातींची मादी बिळाच्या तोंडाशी येऊन पिशवीला ऊन देते, असेही त्यांनी नोंदविले आहे.

पिले बाहेर पडण्याच्या वेळी पिशवीची शिवण मादी स्वतः आपल्या विषदंतांनी उसवते. पिले तिच्या पायांवरून चढून उदरावर जातात व तेथील खास केसांना धरून एकमेकांवर थर करून बसतात. सुमारे आठवडाभर ती तशीच राहतात. या काळात मादी त्यांना अन्न भरवीत नाही. अंड्यातून मिळालेल्या बलकाच्या साठ्यावर ती जगतात. अशा वेळी मादीचे उदर खडबडीत व फुगलेले दिसते. घर झाडताना तिला केरसुणीचा फटका बसला म्हणजे डझनावारी पिले एकदम चोहीकडे पळत सुटतात. कोळी फुटून त्यातून किडे निघाले असा समज यातूनच होतो. अपत्यांना पाठीवर वाहण्याची ही सवय या कुलाचे दुसरे निर्णायक लक्षण आहे. पुढे पिले पांगतात. अनेक जातींत ती उंच जागी चढून रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडतात व त्याच्या आधाराने दूर जातात. लहान जातींचे आयुष्य सुमारे एक वर्षाचे असते. मोठ्या, बिळे करणाऱ्या जातींच्या माद्या त्याहून अधिक काळ जगतात.

सारखे दिसणारे कोळी : (१) घराच्या भिंतीवर रात्री दिसणारा, पाय पसरल्यावर तळहाताएवढा भरणारा चपटा तपकिरी कोळी हा बहुधा स्पॅरॅसिडी कुलातील हेटरोपोडा व्हेनेटोरिया असतो. त्याचे पाय खेकड्याप्रमाणे बाजूंना वळलेले असून नख्यांखालील केसांच्या झुबक्यांमुळे तो भिंतीवर व छतावर सहज धावतो. त्याचे डोळे चार-चारांच्या दोन ओळींत असतात व डोळ्यांखाली पिवळसर पांढरा आडवा पट्टा असतो. त्याची मादी अंड्यांची चपटी वाटोळी पिशवी शरीराखाली धरते. घरातील झुरळे खाणारा हा कोळी उपयुक्त असून लांडगा कोळी म्हणून सर्वाधिक वेळा तोच दाखविला जातो. (२) पिसॉरिडी कुलातील कोळी रंगाने व बांध्याने लांडगा कोळ्याच्या अगदी जवळचे असतात. परंतु त्यांची मादी पिशवी विषदंतांत धरून शरीराखाली नेते व पिले बाहेर पडण्यापूर्वी तिच्याभोवती पानांत तंबूसारखे जाळे विणते. (३) खिडक्यांवर व भिंतींवर माश्यांवर उडी घालणारे साल्टिसिडी कुलातील कोळी, उदा., घरांत नेहमी आढळणारी प्लेक्सिपस प्रजाती, आकाराने लहान असतात. त्यांचे दोन सर्वांत मोठे डोळे चेहऱ्याच्या अगदी पुढच्या ओळीत, मोटारीच्या दिव्यांसारखे असतात. (४) ऑक्सिओपिडी कुलातील कोळी झुडपांवर राहतात. त्यांच्या पायांवर लांब, सरळ उभे काटे असतात व डोळ्यांची मांडणी साधारणपणे षट्कोनी असते. (५) थेराफोसिडी कुलातील मोठे केसाळ कोळी पश्चिम घाटात झाडांच्या ढोलीत व जमिनीतील बिळांत राहतात. त्यांचे डोळे डोक्यावरील एका लहान उंचवट्यावर एकत्र असतात आणि विषदंत चिमट्यासारखे समोरासमोर न येता एकमेकांना समांतर, वरून खाली रोवले जातात.

काही प्रमुख प्रजाती : पार्डोसा प्रजातीचे कोळी लहान, सडपातळ पायांचे व दिवसाही हिंडणारे असून हिरवळ, बागा, ओढ्याकाठ व शेते यांत विपुल असतात. त्यांपैकी पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलेटा ही जाती आशियातील भातशेतीत सर्वत्र आढळते. तिच्या शिरोवक्षाच्या पाठीवर काट्या-चमच्यातील काट्यासारखी फाटे फुटलेली फिकट खूण असते. लायकोसा व हॉग्ना या प्रजातींतील कोळी आकाराने मोठे असून त्यांपैकी अनेक जाती जमिनीत रेशमाचे अस्तर दिलेली बिळे करतात. हिप्पासा प्रजाती ही कुलातील ठळक अपवाद होय. हे कोळी गवतात व बांधावर पांढरी, आडवी जाळी विणतात. जाळ्याच्या एका बाजूला नरसाळ्यासारखी नळी असून कोळी तिच्या तोंडाशी बसून राहतो. दव पडलेल्या सकाळी हिरवळीवर रुमाल पसरल्यासारखी ही जाळी दिसतात. त्यामुळे हिप्पासाला ॲजेलिनिडी या नरसाळी जाळी विणणाऱ्या कुलातील समजण्याची चूक होते. डोळ्यांच्या तीन ओळी व उदरामागची पिशवी पाहिल्यास शंका राहत नाही.

जाती निश्चित करणे हे मात्र डोळ्यांनी वा छायाचित्राने होणारे काम नव्हे. त्यासाठी वयात आलेल्या मादीच्या उदराखालील जननांग व नराच्या तोंडाजवळील पादमृशाचे (स्पर्शज्ञान करून देणाऱ्या आखूड उपांगाचे) टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. पिलांची जाती बहुधा ठरविताच येत नाही. भारतातील या कुलावर एफ. एच. ग्रेव्हली यांनी १९२४ मध्ये लेखन केले. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील बी. के. टिकादर व एम. एस. मल्होत्रा यांनी लिहिलेला लायकोसिडी कुलावरील भाग भारतीय प्राणिसृष्टीविषयीच्या ग्रंथमालेत १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. टिकादर यांनी पुणे येथे दीर्घकाळ संशोधन केले. त्यामुळे महाराष्ट्रातील कोळ्यांच्या अभ्यासाचा पाया चांगला घातला गेला.

‘टॅरँटुला’ हे नाव : आज मोठ्या केसाळ थेराफोसिडी कोळ्यांना लावले जाणारे हे नाव मूळचे एका लांडगा कोळ्याचे आहे. दक्षिण इटलीतील टारांटो या शहरावरून तेथील लायकोसा टॅरँटुला या जातीला ते मिळाले. या कोळ्याच्या दंशाने येणारी व्याधी वाद्यांच्या तालावर बेभान नाचल्यानेच बरी होते, अशी त्या भागात अनेक शतके समजूत होती. ‘टॅरँटेला’ या नृत्याच्या नावाशी तिचा संबंध जोडला जातो. ज्या तीव्र लक्षणांचे वर्णन केले जाई, ती त्याच प्रदेशातील लॅट्रोडेक्टस प्रजातीच्या लहान काळ्या कोळ्याच्या विषाशी अधिक जुळतात, असे अभ्यासक मानतात. मोठा व सहज दिसणारा कोळी दोषी ठरला आणि लहान, लपून राहणारा कोळी सुटला. पुढे युरोपीय लोकांनी अमेरिकेत पाहिलेल्या मोठ्या केसाळ कोळ्यांना हेच जुने नाव दिले.

विष व दंश : लांडगा कोळ्याला विषग्रंथी असतात व त्यांतील विषाने तो कीटकांना निश्चल करतो. माणसावर तो होऊन हल्ला करीत नाही. चाहूल लागताच पळतो. कपड्याच्या घडीत, बुटात वा हाताखाली दाबला गेल्यास मात्र तो चावतो. दंशाच्या जागी टोचल्यासारखी वेदना, लाली, क्वचित सूज व कंड ही लक्षणे आढळतात आणि ती सहसा लवकर शमतात.

या विषाने त्वचा कुजते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ब्राझीलमध्ये १९२० नंतरच्या दशकांत वैद्यकातही तो मान्य झाला व लांडगा कोळ्याच्या विषावर प्रतिविष लस तयार करण्यात येऊ लागली. तिचा वापर १९८० नंतरच्या दशकात थांबला. साऊँ पाउलू येथे दंश करणारा कोळी रुग्णाने बरोबर आणला होता अशा ५१५ प्रकरणांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत त्वचा कुजल्याचे एकही उदाहरण मिळाले नाही. ऑस्ट्रेलियातील ४५ खात्रीच्या दंशांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही हाच होता. पूर्वीची चूक उपचारांत नव्हे, तर ओळखीत होती : दंश करणारा प्राणी न पाहता जखमेवरून कोळ्याचे नाव ठरविले जात होते.

आपल्याकडेही अंगावर रात्रीतून उठलेले जळजळणारे फोड कोळी अंगावरून गेल्याने आले, अशी समजूत आढळते. असे फोड पुष्कळदा पिडेरस प्रजातीचा लहान भुंगेरा त्वचेवर चिरडला जाऊन त्याच्या शरीरातील दाहक द्रव लागल्याने येतात. काही वेळा ती नागीण असते. पसरत जाणारी, पू होणारी किंवा न भरणारी जखम ही जंतुसंसर्गाची वा मधुमेहाची खूण असू शकते. तिचे कारण कोळी मानून घरगुती लेप लावीत बसणे धोक्याचे आहे. लांडगा कोळी चावल्यास ती जागा साबण व पाण्याने धुऊन थंड पाण्याची घडी ठेवणे बहुधा पुरेसे होते. वेदना वाढल्यास, श्वासाला त्रास झाल्यास किंवा अंगावर गांधी उठल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

उपयुक्तता व उपाय : लांडगा कोळी टोळ, रातकिडे, माश्या, तुडतुडे, पतंगांच्या अळ्या व लहान झुरळे खातात, विंचू, काही गांधीलमाश्या, बेडूक, पाली व पक्षी यांचे ते स्वतः भक्ष्य होतात. भातशेतीतील पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलेटा रोज ५ ते १५ कीटक खातो व तपकिरी तुडतुड्यांचा तो महत्त्वाचा नैसर्गिक शत्रू आहे. आग्नेय आशियात व्यापक कीटकनाशकांच्या फवाऱ्यांनी हे कोळी मेले आणि तुडतुडे आणखी वाढले, असा अनुभव आला. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होते. घराच्या बागेतही हाच न्याय लागू पडतो.

घरात आलेला लांडगा कोळी बाहेर काढण्यासाठी त्याच्यावर काचेचा पेला पालथा घालावा, पेल्याखाली जाड कागद सरकवावा व कोळ्याला पाचोळ्यात सोडून द्यावे. काचेवर चढता येत नसल्याने तो पेल्यातून सहसा निसटत नाही, आणि याच वेळी त्याचे डोळे जवळून पाहता येतात. दाराखालील फट बुजविणे, मोरीला जाळी बसविणे, भिंतीलगतच्या राशी हलविणे आणि दाराशेजारचा दिवा अनावश्यक वेळ न जाळणे, या उपायांनी त्यांचे येणे कमी होते. ज्या घराभोवती हे कोळी आहेत, तेथे त्यांना पुरेल इतके कीटकही आहेत, हे ध्यानी घ्यावे. कीटक कमी झाले म्हणजे कोळीही आपोआप कमी होतात.